न विटणारे गाव

आमच्याकडे 'विटणे' या एका क्रियापदावर तीन गोष्टींचे भागते. सकाळची आमटी दुपारच्या उन्हाने आंबली की ती विटते, लुगड्याचा रंग चार धुण्यांत उतरला की तो विटतो, आणि एखादा माणूस नोकरीला, सासरला किंवा नुसत्या उकाड्याला कंटाळला की तोही विटतो. माझी आजी, जिला आम्ही सगळी भावंडे अव्वा म्हणत असू, कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला आधी एवढेच विचारी, "विटणार तर न्हाई न्हवं?" भावाची घासाघीस त्यानंतर सुरू होई. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आले, की सोलापूरची म्हणून जी जी वस्तू जगात ओळखली जाते ती अव्वाच्या या एका प्रश्नाला उतरलेली आहे.

सोलापूर सोडून मला बावीस वर्षे झाली. पुण्यात घर आहे, नोकरी आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक फेरी होते. परतताना आई जी पिशवी भरून देते तिच्यात काय असेल हे मला डोळे मिटून सांगता येते : वर्तमानपत्रात गुंडाळलेली कडक भाकऱ्यांची चळत, स्टीलच्या डब्यात दाबून भरलेली शेंगा चटणी, सुती फडक्यात बांधलेली ज्वारी, आणि नात्यात कुणाचे बारसे किंवा लग्न जवळ आले असेल तर त्यावर घडी करून ठेवलेली एक चादर. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सामान ठेवायच्या फळीकडे नजर टाकली, तर निम्म्या पिशव्यांचा आकार मला ओळखीचा वाटतो. रत्नागिरीहून निघालेल्या माणसाला आंबे सांभाळावे लागतात, नागपूरहून निघालेल्याला संत्री मऊ पडण्याची धास्ती असते, आणि कोल्हापूरचा रस्सा तर डब्यातून आणणे हा निव्वळ जुगार आहे. सोलापूरची पिशवी मात्र कुणी आठवडाभर विसरली तरी तिच्यात काही बिघडत नाही, कारण तिच्यात पाण्याचा थेंबच नसतो.

हे पाणी नसणे साधे नाही. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तोही विश्वासाने अंगावर घ्यावा असा नसतो. जून-जुलैत ढग नुसते वरून जातात आणि जे काही पडायचे ते सप्टेंबरात परतीच्या वाटेवर पडते. म्हणून आमचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दंवावर ती उभी राहते, आणि एकदा पेरली की पुढे पाऊस नाही आला तरी ती तक्रार करीत नाही. 'मालदांडी' हे तिचे नाव आम्ही घरातल्या माणसाचे घ्यावे तसे घेतो. पुण्याच्या दुकानात दाणेदार, मोत्यासारखी म्हणून कोणतीही पांढरी ज्वारी दाखवली तर आई ती तळहातावर घेते, एक दाणा दाताखाली फोडते आणि काही न बोलता परत गोणीत टाकते.

मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. त्या गावच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण त्या कोठाराची खरी कथा दामाजीपंतांची आहे. बहामनी अमलात दुर्गादेवीच्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बादशहाचे धान्याचे कोठार लोकांसाठी उघडले, आणि त्याला शिक्षा होऊ नये म्हणून प्रत्यक्ष विठ्ठल महाराचा वेष घेऊन पैसे भरायला दरबारात गेला, अशी ती कथा. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना सगळे विठ्ठलाच्या प्रवेशाची वाट पाहत. अव्वाचे लक्ष मात्र कोठारावर असे. "किती पोती असतील?" असे ती मध्येच हळूच विचारी. तिने १९७२ चा दुष्काळ अक्कलकोट तालुक्यातल्या आपल्या गावी काढला होता. खडी फोडायच्या कामावर ती आणि आजोबा दोघेही होते, मुलांना सुकडी मिळे, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन आयुष्यात पहिल्यांदा भाकरीची चव नकोशी झाली, असे ती सांगे. त्या दिवसांबद्दल ती कधी रडली नाही. मात्र घरात भाकरी उरली आहे आणि ती कुणी टाकली आहे, असे तिच्या हयातीत एकदाही घडले नाही.

कडक भाकरीचा जन्म अशाच एखाद्या घरात झाला असावा असे मला वाटते. याला पुरावा मागू नये. उरलेली भाकरी वाळवून ठेवणे वेगळे आणि मुळातच वाळवण्यासाठी भाकरी करणे वेगळे. नेहमीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की टम्म फुगली पाहिजे, ती नाही फुगली तर सुनेचा हात कच्चा समजतात. कडक भाकरीत सगळेच उलटे. पीठ कढत पाण्यात मळायचे, कागदासारखी पातळ भाकरी करायची, आणि ती भाजताना फुगू लागली की कापडाच्या बोळ्याने दाबून दाबून तिची वाफ काढून टाकायची. मग चुलीच्या कडेला, आचेला टेकवून, ती तिरपी उभी करून ठेवायची, म्हणजे उरलीसुरली ओल निघून जाते. अव्वाच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या केलेल्या अशा भाकऱ्यांची रांग असे आणि मांजर त्यांच्यामागून गेले की खडखड आवाज होई. अशी भाकरी महिना-दीड महिना सहज टिकते. ती तोडता येत नाही, फोडावी लागते. दह्यात, आमटीत नाहीतर दुधात चुरून ती खातात, आणि आमच्यासारखे काही जण तशीच, दाताखाली आवाज करीत. शेतात मुक्कामी राहणारा, बैलगाडीने पंढरीला जाणारा, गिरणीत रात्रपाळी करणारा, अशा प्रत्येकाच्या फडक्यात ती असे. आता सोलापुरात ती करून विकणाऱ्या बायकांचे कितीतरी बचत गट आहेत आणि परदेशी राहणाऱ्या मुलांच्या बॅगांतून ती फार लांब जाते. माझ्या आतेभावाला एका विमानतळावर तपासनिसाने या चकत्या कशाच्या आहेत असे विचारले. त्याने ब्रेड म्हणून सांगितले, तेव्हा त्या गृहस्थाने एक भाकरी बोटाने वाजवून पाहिली आणि डोके हलवत परत दिली.

तिच्या शेजारी बसणारी शेंगा चटणी ही दुसरी कोरडी वस्तू. तिला आम्ही शेंगदाण्याची चटणी म्हणत नाही, शेंगा चटणीच म्हणतो. बाहेरच्या शहरांत त्या नावाखाली जी तिखट भुकटी मिळते ती पाहून सोलापूरकर फक्त हसतो. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ, यापलीकडे तिच्यात काही नाही. जे काही आहे ते कुटण्यात आहे. मिक्सरच्या पात्यांनी दाणा कापला जातो, उखळात तो ठेचला जातो, आणि ठेचता ठेचता त्याचे स्वतःचे तेल सुटून चटणीचे मऊ, चकचकीत गोळे होऊ लागतात. तोवर थांबायचे असते. वर एक थेंब तेल घालायचे नाही आणि पाणी तर नाहीच नाही. अव्वा उखळाशी बसली की मुसळाच्या तालावर कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत असे. आम्हां मुलांना त्यातला एकही शब्द कळत नसे, आणि तिलाही त्याचे मराठी करून सांगता येत नसे.

इथे भाषेचा विषय ओघाने आलाच आहे, तर तो थोडा सांगतो असे म्हणणाऱ्या सोलापूरकरावर विश्वास ठेवू नये, कारण तो थोड्यात कधीच आवरत नाही. आमच्या घरात आजी-आजोबा आपसात कन्नड बोलत, आई-वडील मराठी, आणि गल्लीत खेळताना आम्ही दोन्हींत तेलुगू आणि दखनी मिसळत असू. पूर्व भागात, म्हणजे कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक या पट्ट्यात गेले की दुकानांच्या पाट्याही तेलुगू वळणाच्या होतात, विजापूर वेशीकडे उर्दू कानावर येते, आणि बाळीवेशीत कन्नड. या सगळ्यांच्या घर्षणातून जी मराठी तयार झाली तिला व्याकरण आहे, पण ते कुणी लिहून ठेवलेले नाही. 'काय करतो आहेस' याला आम्ही 'काय करूलालास' म्हणतो, 'येतो आहे' याला 'येऊलालो', आणि या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' लागतो. हा 'बे' मित्राला लागतो, भावाला लागतो, रिक्षावाल्याला लागतो, आणि रागात जितका लागतो त्याहून अधिक मायेत लागतो. पुण्याच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात मी एका सहकाऱ्याला अगदी सहज "कुठं चाललास बे?" असे विचारले, तेव्हा तो असा थबकला की जणू मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. त्या दिवसापासून मी 'बे' घरी ठेवून कामावर जाऊ लागले. पण हुतात्मा एक्स्प्रेस दौंड ओलांडून कुर्डुवाडीच्या दिशेने धावू लागली की आजूबाजूच्या बाकांवरून 'बे' हळूहळू वाढू लागतो आणि माझ्या खांद्यांवरचा ताण तितकाच कमी होतो.

या भाषांना एकत्र आणले ते गिरण्यांनी. मोरारजी गोकुळदासांनी उभारलेली कापडगिरणी, जिला सगळे 'जुनी गिरणी' म्हणत, ती १८७७ मध्ये सुरू झाली. दख्खनमध्ये तेव्हा एका मोठ्या दुष्काळाचा मुक्काम होता. शेत सुटलेली, माग थंड पडलेली माणसे काम मागत या शहरात आली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येत राहिली, आणि त्यांनी गिरण्यांबरोबरच घराघरांत हातमाग आणि नंतर यंत्रमाग मांडले. मला आठवणारे सोलापूर घड्याळावर चालत नव्हते. भोंग्यावर चालत होते. पहिल्या भोंग्याला आई उठे, दुसऱ्याला वडील डबा घेऊन निघत, आणि शाळेत उशीर झाला की "बाई, भोंगाच ऐकू आला नाही" ही सबब चाले, कारण बाईंचे यजमानही त्याच पाळीत असत.

वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचे मुकादम, होते. त्यांच्या बोटांना सुताची अशी सवय झाली होती, की कुणाच्या घरी बसले असताना त्यांचा हात नकळत पलंगावरच्या चादरीकडे जाई आणि तिचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यात ते चोळत राहत. आई डोळ्यांनी दटावी. त्यांना मात्र त्या चोळण्यातून सुताचा नंबर, विणीचा घट्टपणा आणि बहुधा यजमानांची ऐपतही कळत असावी. सोलापुरी चादर म्हणजे काय हे त्यांनी मला एकदाच, पण नीट समजावून सांगितले होते. तिच्यावरचा मोर किंवा वेल छापलेला नसतो, विणलेला असतो. जॅकार्डच्या मागावर ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे हे भोके पाडलेली पुठ्ठ्याची पत्रे ठरवतात, आणि त्या हिशेबाने धोटा इकडून तिकडे धावतो. त्यामुळे चादरीच्या एका अंगाला जांभळ्यावर पांढरा मोर उमटतो आणि दुसऱ्या अंगाला तोच मोर पांढऱ्यावर जांभळा. तिला उलटी बाजू नसते. "छापलेला रंग विटतो, विणलेला रंग झिजतो," असे ते म्हणाले होते. हा फरक मला तेव्हा फारसा कळला नव्हता. आता घरात चाळीस वर्षांची एक चादर आहे. ती इतकी झिजली आहे की उन्हाकडे धरली तर पलीकडचा हात दिसतो, आणि तरीही मोराचा जांभळा रंग जागच्या जागी आहे.

तिचा उपयोग थंडीसाठी करतात हा बाहेरच्यांचा समज आहे. सोलापुरात थंडी असते किती! एप्रिल-मे महिन्यांत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. आमचे जुने घर माळवदाचे होते, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेल्या सपाट छपराचे, आणि रात्री सगळे घर त्या माळवदावर झोपायला जाई. झोपण्यापूर्वी चादर पाण्यात बुडवून, पिळून, अंगावर घेतली की अर्ध्या तासात ती वाळे, पण तेवढ्यात झोप लागलेली असे. चादर वाळण्यापूर्वी ज्याला झोप लागली नाही त्याने ती रात्र तारे मोजण्यात घालवायची. दुसऱ्यांदा बुडवायला पाणी नसे.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही वस्तूंत सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचा समावेश आहे. असे असूनही देशातल्या कोणत्याही जत्रेत 'सोलापुरी चादर' म्हणून ओरडून विकली जाणारी चादर बहुतेक वेळा दुसरीकडून आलेली असते, आणि तिच्यावरचा मोर एका पावसाळ्यात विटतो. नव्वदच्या दशकात वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीच्या अलीकडे होते. त्यांनी नंतर काय काय कामे केली हे सांगण्यासारखे नाही. त्यांनाही ते सांगितलेले आवडले नसते. भोंगा थांबल्यावरही कित्येक महिने ते त्याच वेळेला उठून अंगणात उभे राहत, एवढे मात्र मला आठवते. त्या काळात अनेक घरे तगली ती बायकांच्या विड्यांवर. पूर्व भागातल्या घराघरांत उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पाने कापून, त्यांत तंबाखू भरून हजार-हजार विड्या वळणाऱ्या बायका मी शाळेच्या वाटेवर रोज पाहत असे. सोलापूरच्या प्रतीकांत त्यांची विडी कुणी धरत नाही, कारण ती पाहुण्याला भेट देता येत नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला या विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. त्यामागचा लढा मोठा आहे आणि तो मी इथे दोन ओळींत उरकणे बरे दिसणार नाही.

ग्रामदैवताकडे यायला मी उशीर केला, याबद्दल आई रागावेल. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे आमचे ग्रामदैवत. बसवेश्वरांचे समकालीन, कन्नडमध्ये वचने रचणारे. त्यांच्या काळी या गावाचे नाव सोन्नलगी होते. सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, ही व्युत्पत्ती आम्हांला शाळेत शिकवली जाई आणि ती ऐकायला बरीही वाटते. सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली हे सगळे सांगतात, पण मला त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटते. त्यांनी तलाव खोदला. लोकांना बरोबर घेऊन, स्वतः माती उपसून. कथा अशी, की त्यांच्याच काळातले थोर शिवयोगी अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हा हे तलावाच्या कामात गढलेले होते, आणि नुसते तलाव खोदून मुक्ती मिळत नाही, असे त्या ज्ञानी माणसाने त्यांना ऐकवले. पुढे ते अल्लमांबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले. अल्लमप्रभूंच्या अधिकाराविषयी शंका घेण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांना सोलापूरचा मे महिना ठाऊक नसावा. ठाऊक असता तर त्यांनी तलावाविषयी थोडे जपून बोलले असते. आज मंदिर त्याच तलावाच्या मधोमध आहे, शेजारी भुईकोट किल्ल्याचे बुरूज पाण्यात उतरलेले दिसतात, आणि ज्या गावाचा देव तलाव खोदणारा आहे त्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणात ते असते. तिथून आमच्या नळापर्यंत ते कसे आणि का पोहोचत नाही, यावर कोणत्याही कट्ट्यावर तास-दीड तास सहज निघून जातो.

संक्रांतीच्या वेळची गड्डा यात्रा पाहिल्याशिवाय सोलापूर कळत नाही, असे प्रत्येक सोलापूरकर पाहुण्याला सांगतो, आणि या एका बाबतीत तो अतिशयोक्ती करीत नाही. कथा एका कुंभार कन्येची आहे. तिने सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरला. योग्याला लग्न करता येईना, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली. तो योगदंड म्हणजे आजचे नंदीध्वज. उंचच उंच, सजवलेल्या सात काठ्या, आणि त्या पेलणारी पांढरी बाराबंदी घातलेली माणसे. १२ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, ज्याला अस्सल मराठी बोलणारी माणसेही 'यण्णीमज्जन' या कन्नड नावानेच ओळखतात. १३ तारखेला, भोगीच्या दुपारी, तलावाच्या काठच्या संमती कट्ट्यावर लग्न लागते. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' असा घोष झाला की हजारो हात एकदम वर जातात आणि अक्षता पडू लागतात. नंदीध्वज पेलणे सोपे नसते. कमरेच्या पट्ट्यात बुंधा रोवून, मान वर करून, काठीच्या टोकाकडे पाहत चालावे लागते, आणि काठी झुकू लागली की ती पेलणाऱ्याच्या आधी भोवतालच्या गर्दीच्या तोंडून 'हर्र बोला हर्र' निघते. आमच्या गल्लीतला एक मुलगा वर्षभर मागावर काम करून जानेवारीच्या महिनाभर आधीपासून रात्री सरावाला जाई. त्याला एकदा कुणीतरी विचारले, यातून तुला काय मिळते? तो म्हणाला, "हातात असताना माझ्याकडं कुणी बघत नाही बे. सगळे वर बघतात." हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नव्हते.

संक्रांतीला होम होतो ते होम मैदान. त्याची इंग्रजी पाटी वाचून एका पाहुण्याने मला हे कुणाचे होम असे विचारले होते. मी तेव्हा हसले, आणि नंतर मात्र तो प्रश्न बरेच दिवस डोक्यात राहिला.

याच १२ जानेवारीला, १९३१ साली, येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिले गेले. आदल्या वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले होते, काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाच उरली होती, आणि १२ मे १९३० रोजी इथे मार्शल लॉ पुकारला गेला. माझ्या पहाटेच्या गाडीला ज्यांचे नाव आहे ते हुतात्मे हेच. ही चार नावे एकापाठोपाठ उच्चारली की आमची गल्ली डोळ्यांपुढे उभी राहते. यात मला कोणताही संदेश काढायचा नाही, आणि हल्ली तो काढणाऱ्यांची संख्या फार झाली आहे. दरवर्षी त्या दिवशी अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघालेले आणि चार पुतळ्यांना हार घालायला निघालेले लोक एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात, वाहतूक खोळंबते, आणि पुष्कळदा दोन्हीकडे तेच लोक असतात.

इतर काही गोष्टींवरून मी मुद्दाम भरभर पुढे जाते. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. त्यांचे घर आज स्मारक आहे आणि चिनी पाहुणे ते पाहायला येतात, पण शाळेच्या सहलीव्यतिरिक्त तिथे गेलेला सोलापूरकर मला क्वचितच भेटला. नान्नजच्या माळावरचा माळढोक पक्षी आमच्या प्रत्येक पर्यटन पत्रकावर असतो. अव्वाने तो शेतात चरताना पाहिला होता, वडिलांनी लांबून पाहिला होता, आणि मी पत्रकावर पाहिला आहे. डाळिंबे अलीकडची. त्यांचे मला कौतुक आहे, पण ती पाण्याने भरलेली असल्यामुळे माझ्या या हिशेबात बसत नाहीत.

आता माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले-मुली पुण्यात आहेत, काही हैदराबादेत, काही परदेशात. सोलापुरात काय ठेवले आहे, असे आम्ही सगळेच कधी ना कधी म्हणालो आहोत. विटलो होतो म्हणूनच निघालो. आम्ही सगळे जिथे गेलो तिथे टिकलो, याचे श्रेय काही जण स्वतःकडे घेतात. मला पिशवीतल्या त्या भाकऱ्या आठवतात, ज्यांची वाफ कुणीतरी दाबून दाबून काढलेली असते.

परवा रविवारी आईला फोन केला. माझ्या मुलीने उखळात चटणी कुटण्याचा घाट घातला होता, पुण्याच्या सदनिकेत, तिसऱ्या मजल्यावर, आणि तेल काही सुटत नव्हते. दाणे किती भाजायचे, मीठ आधी घालायचे की मागून, हे विचारायचे होते. आई दाणे कुठून आणलेस इथपासून सुरू झाली. मुलगी मुसळ हातात धरून माझ्याकडे पाहत होती, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ कसला आवाज येतो आहे हे पाहायला दारात येऊन उभे होते, आणि आई सांगत होती की लसूण सोलून ती आधी… मग पलीकडून घागरीवर घागर आपटल्याचा आवाज आला.

"ठेव गं, पाणी आलं," असे म्हणून तिने फोन ठेवला.